बारा गडी, बारा पेरं

पप्पांच्या उजव्या मिटनचा अंगठा रिकामा असतो. मिटन म्हणजे इथला, कॅनडातला, थंडीचा जाड हातमोजा: चार बोटं एका खोलीत, अंगठा वेगळ्या खोलीत. थंडीला तो चांगला, पण त्यात मोजता येत नाही. अंगठा बोटांना टेकला तरच पेरं मोजता येणार. म्हणून पप्पांनी अंगठ्याची खोली सोडून दिली आणि अंगठा बोटांकडे राहायला पाठवला. लोकरीची ती रिकामी पिशवी ऑक्टोबरच्या वाऱ्यात लटपटत असते, आणि आत, कुणाला दिसत नाही असं, पप्पांचं मोजणं चालू असतं.

हे सगळं शनिवारी दुपारी, फुटबॉलच्या मैदानात. चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा, तो इथला फुटबॉल. विद्यापीठाचे सामने शनिवारी असतात आणि शनिवारी पप्पा लिहीत नाहीत.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. गावात आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. घाणा गेला, गाव गेलं, शनिवार राहिला. शब्बाथला, म्हणजे देवाने सांगितलेल्या विश्रांतीच्या शनिवारी, पप्पा पेन धरत नाहीत, फोन उचलत नाहीत, दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीत, खिशात काही घेऊन रस्त्यावर जात नाहीत. पण चालायला मनाई नाही आणि बघायला तर नाहीच नाही. ग्वेल्फमधल्या माझ्या घरापासून मैदान वीस मिनिटांवर. तिकिटं माझ्या फोनमध्ये असतात, कारण मी तेवढी कडक नाही. पप्पांना ते माहीत आहे. गेटवर मी फोन दाखवते तेव्हा ते आभाळाकडे बघतात.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आजोबा कागदावर अंगठा उठवायचे, पप्पा नववीपर्यंत शिकले, आणि मी याच विद्यापीठातून अन्नशास्त्रात पदवी घेतली, स्कारबरोच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमधून येऊन. त्या पदवीची फ्रेम आमच्या दारात, बुटांच्या रॅकच्या वर लावली आहे. जागा पप्पांनी निवडली. म्हणाले, "बूट काढायला वाकलेला माणूस उभा राहिला की पहिलं हेच दिसलं पाहिजे." त्यामुळे आमच्याकडे आलेला प्लंबरसुद्धा माझं अभिनंदन करून कामाला लागतो.

पप्पा कॅनडात आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. वॉनमधल्या एका वेअरहाऊसमध्ये त्यांनी बावीस वर्षं सिक्युरिटीचं काम केलं. दर तासाला फेरी मारायची आणि रजिस्टरमध्ये वेळ घालून लिहायचं: ऑल ओके. तिथला एक नियम पप्पांना फार आवडायचा. एखाद्या तासाची नोंद राहिली, तर ती मागाहून अंदाजाने भरायची नाही. जागा कोरी सोडायची, शेजारी कारण लिहायचं, आणि ज्याच्यामुळे नोंद चुकली त्याची सही घ्यायची. एकदा मोठ्या साहेबांनी गप्पा मारत त्यांना थांबवून ठेवलं, तर पप्पांनी त्यांचीही सही घेतली. साहेब हसले, पण सही केली. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की साहेबांचा टायसुद्धा मला पाठ आहे. निळा, पट्ट्यांचा.

आई गेल्यावर पप्पा माझ्याकडे राहायला आले. पहिल्या वर्षी शनिवार त्यांना जाईना, म्हणून मी त्यांना सामन्याला नेलं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "एका बाजूला गडी किती?"

"बारा."

"आणि पुढे सरकायला डाव किती मिळतात?"

"तीन. तीन डावांत दहा यार्ड नाही गेले की चेंडू दुसऱ्यांना."

पप्पांनी मिटन काढला, तळहात समोर धरला. चार बोटं, एकेका बोटाची तीन पेरं. त्यांनी अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवला आणि चढवत चढवत तर्जनीच्या टोकापर्यंत आणला. "बारा गडी, बारा पेरं. एका बोटाचे तीन डाव. हा खेळ कुणीतरी आपल्याच हातावर बेतलाय."

"अमेरिकेत अकरा असतात, पप्पा. आणि चार डाव."

"मग त्यांचं एक पेर कुठे गेलं?" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून पक्के कॅनेडियन झाले. नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हाही एवढे झाले नव्हते.

तेव्हापासून ते मोजतात. उजव्या हाताची बारा झाली की डावा अंगठाही बोटांकडे जातो आणि तिकडचं एक पेर पुढे. असे एकशे चव्वेचाळीसपर्यंत जाता येतं, कागदाशिवाय. संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसले, शब्बाथ उतरला, द्राक्षरसाचा पेला फिरला, लवंग-वेलची हुंगून झाली, की पप्पा टेबलाशी बसतात आणि पूर्ण सामना आठवून वहीत उतरवतात. वही तीच, सिक्युरिटीची असते तशी, लांबट, लाल कडांची, आणि नोंदी तिथल्यासारख्याच इंग्रजीत.

गेल्या हंगामात मला विद्यापीठाचं एक ईमेल आलं. हंगामातला सर्वोत्तम फुटबॉल खेळाडू निवडायला पाच जणांची समिती असते, त्यात एक जण माजी विद्यार्थ्यांतला हवा होता. मी लगेच हो म्हटलं. बहुधा ते ईमेल दुसऱ्या कुणी उघडलंच नसावं, पण पप्पांना मी तसं सांगितलं नाही. जिमच्या कॉरिडॉरमध्ये एक मोठी लाकडी ढाल आहे, तिच्यावर दर हंगामाचं एकच नाव पितळी पट्टीवर कोरतात. ते नाव ठरवण्यात आमच्या घरातल्या माणसाचं मत. पप्पांनी त्या दिवशी फ्रेमची काच पुसली.

उमेदवार दोनच होते. हे सप्टेंबरपासून सगळ्यांना माहीत होतं.

एक क्वार्टरबॅक. चेंडू फेकणारा, संघाचं डोकं. उंच, हसरा, शेतकऱ्याचा मुलगा, आणि फेक अशी की पन्नास यार्डांवरच्या माणसाच्या हातात चेंडू आपणहून जाऊन बसतो. त्याचे आकडे पानभर होते. दुसरा कॉर्नर. म्हणजे मैदानाच्या एका कडेला, समोरच्या संघाचा झेल घेणारा जो सगळ्यात चपळ गडी असेल, त्याच्या अंगावरच्या सावलीसारखा पळणारा. बारीक, मुका म्हणावा इतका शांत, शेवटच्या वर्षाचा. त्याचे आकडे दोन ओळींत संपायचे.

माझं मत ठरलेलं होतं. मी आकड्यांची माणूस आहे. फूड लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोल करते, संख्याशास्त्राचे दोन कोर्स केलेत, दोन्हीत ए मिळवलाय. सामना चालू असताना फोनवर दर डावाचे आकडे येतात, ते मी वाचत बसते.

"क्वार्टरबॅक," मी पहिल्याच शनिवारी, वेलचीचा वास हातावर असतानाच सांगून टाकलं. "यात वाद नाही."

"वाद नाही कसा? मी आहे की," पप्पा म्हणाले.

"कॉर्नरने आज काय केलं सांगा. त्याच्या बाजूला चेंडू आला किती वेळा? दोनदा."

"का आला नाही?"

"नाही आला म्हणजे नाही आला."

"पोरी, समोरचा फेकणारा आधी कुठे बघतो? त्याचा सगळ्यात चांगला झेलणारा आहे तिकडे बघतो. तिथे आपला हा उभा. मग तो मान फिरवतो आणि दुसरीकडे फेकतो. आज अठरा वेळा परतला."

"कोण परतला?"

"त्याची नजर. चोर दारापर्यंत आला, राखणदार बघितला, परत गेला. तो चोर तुझ्या फोनमध्ये येतो का?"

माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आजोबा हॅज अ पॉइंट, मम्मा." ती आमचं मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, त्यातही नेहमी आजोबांच्या बाजूने.

"न घडलेल्या गोष्टींचे आकडे नसतात," मी म्हणाले.

"तुझ्या लॅबात तू काय लिहितेस ग? दह्यात जंतू किती सापडले?"

"सापडले तर लिहीन ना. आमच्या रिपोर्टवर 'आढळले नाहीत' असंच असतं."

"म्हणजे शून्य. आणि पगार त्या शून्याचाच घेतेस ना?"

मुलगी हसली. मी चहा करायला उठले. हरलेला माणूस आमच्याकडे चहा करतो. पण मत बदललं नाही. बापाने एका वाक्यात गप्प केलं म्हणून संख्याशास्त्र खोटं ठरत नाही.

असे पाच-सहा शनिवार गेले. बाहेरगावचे सामने आम्हाला बघता यायचे नाहीत, घरच्या मैदानावरचे चार. प्रत्येक वेळी आमच्या रांगेत, पप्पांच्या उजव्या हाताला, एकच माणूस बसायचा: क्वार्टरबॅकचा बाप. गावाबाहेर त्यांची मक्याची आणि सोयाबीनची शेती. पंजे फावड्याएवढे, आवाज ट्रॅक्टरएवढा. पप्पांना तो "बडी" म्हणायचा आणि पप्पा त्याला "शेतकरीबुवा", जे त्याला आपलं नाव वाटायचं आणि आवडायचं. त्याच्या मुलाने टचडाउन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे पोचवला, की तो पप्पांच्या पाठीवर थाप मारायचा. पप्पा एक पायरी खाली सरकायचे आणि परत वर यायचे. आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याचं मन कॉर्नरकडे लागलंय, हे त्याला माहीत नव्हतं. आणि मी कुणाच्या बाजूची आहे हे मला कुणाला सांगायचं नव्हतं. समितीचा नियम.

तिसऱ्या सामन्यात मी कॉफीच्या रांगेत उभी असताना तो माझ्या मागे आला. ट्रॅक्टर एकदम हळू झाला. "वाईट वाटून घेऊ नका, पण विचारतो. तुमच्या वडिलांना ते कामावर झालं का?"

"काय?"

त्याने आपला उजवा अंगठा वर केला आणि दुसऱ्या हाताने झाकला. "माझ्या काकांचा मक्याच्या यंत्रात गेला. ते पण असेच, कधी बोलायचे नाहीत. तुमचे वडील तर हातमोज्यातून हातच काढत नाहीत."

खरं सांगायचं तर शब्बाथ, लिहिण्याची बंदी, पेरं आणि परतलेली नजर, एवढं सगळं एका कॉफीत सांगावं लागलं असतं. शिवाय शेवटी ते त्याच्याच मुलाच्या विरोधात गेलं असतं. मी नुसतं म्हणाले, "ते मजेत असतात." तो म्हणाला, "ते तर दिसतंच. मोठा माणूस." आणि माझ्या कॉफीचे पैसे त्याने दिले. मला अजून त्या कॉफीची लाज वाटते.

पप्पांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "बरं झालं सांगितलं नाहीस. म्हणून तो माझा हात हातात घेत नाही. मोजायला निवांत मिळतं."

चौथा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा. बोचरी थंडी, पाऊस की बर्फ हे आभाळाचं अजून ठरलेलं नव्हतं. पहिल्या अर्ध्यात पप्पा माझ्याकडे वळून नुसते डोळे मिचकावत होते. म्हणजे मोजणी जोरात आहे. मी फोन खिशात ठेवला होता, बोटं गारठली म्हणून. त्यामुळे प्रथमच मी चेंडू सोडून पप्पा बघतात तिकडे बघत होते, आणि मला ते दिसलं. समोरचा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरायचा, डावीकडे बघायचा, तिथे आमचा कॉर्नर गुडघे वाकवून उभा. लगेच मान उजवीकडे. पुन्हा पुढच्या डावाला तेच. रस्त्यात ओळखीचा सावकार दिसावा आणि माणसाने बोळात वळावं, तसं. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात, शेतकरीबुवांच्या मुलाने हंगामातली सगळ्यात सुंदर फेक केली. चेंडू वाऱ्यातून वळला आणि पळणाऱ्याच्या ओंजळीत पडला. टचडाउन. सगळं मैदान उभं राहिलं. शेतकरीबुवा सगळ्या जगाचे हात हलवत सुटले, आणि त्या भरात त्यांनी पप्पांचा उजवा हात दोन्ही पंज्यांत धरला आणि जोरजोरात हलवला. मिटन निसटला. पप्पांचा हात उघडा पडला, पाच बोटांसकट.

शेतकरीबुवा त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. "बडी," ते म्हणाले, "तुला अंगठा आहे."

पप्पा म्हणाले, "होता. आत्ता कुठल्या पेरावर होता ते आता नाही सांगता यायचं."

मग सांगावंच लागलं. मी इंग्रजीत सांगत होते, पप्पा दुरुस्त्या करत होते. बुवांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे हा वर्षभर माझ्या शेजारी बसून त्या कॉर्नरचं मोजतोय?"

"तुमचा मुलगा फार चांगला आहे," पप्पा म्हणाले. "पण त्याला मोजायला सगळं मैदान आहे."

बुवा म्हणाले, "निदान माझ्या काकांबद्दलचं सगळं परत घेतो." आणि स्वतःच हसत सुटले. पण त्यानंतर पाठीवर थाप पडली नाही.

संध्याकाळी पप्पांनी वही उघडली. तीन सामन्यांचे परतलेले लिहिले होते, चौथ्याचा पहिला अर्धा, मध्यंतराला मनात पक्का केलेला, लिहिला: अकरा. खाली जागा कोरी सोडली. शेजारी लिहिलं, कारण: शेकहँड. त्याखाली, सही: आणि पुढे रेघ.

"पप्पा, उरलेल्या अर्ध्याचा अंदाज तर असेल ना?"

"अंदाज सगळ्यांकडे असतो. त्याला माझी वही कशाला?"

"बुधवारी मीटिंग आहे."

"मग घेऊन जा."

हे मला आधी कळलंच नव्हतं. ते हंगामभर माझ्याशी वाद घालत नव्हते, वही तयार करत होते. मी घेऊन जावी म्हणून.

आणि माझं धाडस होईना. पप्पांच्या वहीवर माझा विश्वास नव्हता असं नाही. शनिवारी मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण मीटिंग विद्यापीठात होती, आणि त्या इमारतीत मी अठराव्या वर्षी पहिल्यांदा शिरले तेव्हा वॉशरूम कुठे आहे हे विचारायलाही घाबरत होते. इथे फूटनोट नसलेलं वाक्य खोडतात हे मी तिथेच शिकले. तिथे जाऊन मी सांगणार, की नववी शिकलेल्या माझ्या वडिलांनी हातमोज्यात हात घालून मोजलंय, कागदाशिवाय, आणि शेवटचा अर्धा सामना गहाळ आहे. बुधवारी दुपारी मी वही बॅगेत टाकली. बाहेर काढेनच असं ठरवलं नव्हतं.

खोलीत आम्ही पाच. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापिका, जनावरांच्या डॉक्टर. एक सहाय्यक कोच. विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी. एक माजी खेळाडू, वीसेक वर्षांपूर्वीचा इथलाच क्वार्टरबॅक, आता घरं विकतो. आणि मी. कोपऱ्यात सामन्यांचे व्हिडिओ सांभाळणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती.

आकड्यांचे कागद वाटले. पाच मिनिटांत वारं कुठलं आहे ते कळलं. कोच म्हणाला, कॉर्नर छान, पण दाखवायला काय आहे? विद्यार्थी प्रतिनिधी म्हणाला, त्याच्या नावापुढे पुरेसं काहीच नाही. माजी खेळाडू म्हणाला, "या पुरस्काराला क्वार्टरबॅक नाही तर कोण?" आणि कागद पालथा घातला. प्राध्यापिका माझ्याकडे वळल्या. "तुमचंही तेच असेल तर चहा लवकर घेता येईल."

माझंही तेच होतं, चार दिवसांपूर्वीपर्यंत. तोंडावर "हो" आलं होतं. पण मला डोळ्यांसमोर ती रेघ दिसली, सहीची. ज्या माणसाने मोठ्या साहेबांची सही घेतली, त्याची मुलगी चहासाठी गप्प बसली असती, तर बूट काढताना वर बघायचं कसं?

मी वही टेबलावर ठेवली.

"हे काय?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"समोरच्या क्वार्टरबॅकने आमच्या कॉर्नरकडे बघून मान किती वेळा फिरवली, त्याची मोजणी. घरच्या सामन्यांची."

"कुणी केली?"

"माझ्या वडिलांनी."

"कशावर?"

"बोटांवर." मी हात वर करून पेरं दाखवली. "ते शनिवारी लिहीत नाहीत. मनात ठेवतात आणि संध्याकाळी लिहितात."

प्रतिनिधीच्या ओठावर हसू आलं. कोचने पानं उलटली. "हे शेवटचं अर्धंच आहे."

"मध्ये एकाने शेकहँड केला, म्हणून मोजणी तुटली. अंदाज ते लिहीत नाहीत."

यावर सगळेच हसले, मीसुद्धा. माजी खेळाडू मात्र हसला नाही. तो म्हणाला, "एक सामना लावून बघू या."

मुलीने दुसऱ्या सामन्याचा व्हिडिओ लावला, फक्त आमचा बचाव असलेले डाव. कागदावर लिहू लागलं की डाव निघून जातो, हे दोनच मिनिटांत सगळ्यांना कळलं. मग मी त्यांना शिकवलं. करंगळीच्या मुळापासून सुरू, वर चढा, पुढचं बोट. पाच शिकलेली माणसं एका लांब टेबलाभोवती अंगठे चालवत बसली. प्राध्यापिकांना सगळ्यात लवकर जमलं. म्हणाल्या, गाभण गाईचे महिने मोजायला हे फार बरं पडलं असतं.

व्हिडिओ संपला. कोचचे वीस, प्रतिनिधीचे एकोणीस, प्राध्यापिकांचे बावीस, माझे बावीस. पप्पांच्या वहीत तेवीस.

"एक जास्त," कोच म्हणाला.

"नाही," माजी खेळाडू म्हणाला. इतका वेळ तो हात टेबलाखाली ठेवून बसला होता. "तेवीसच. चौथ्या क्वार्टरमध्ये एकदा त्याने मान नाही फिरवली. फक्त खांदा. मान फिरवली की कोचला कळतं, म्हणून आपण खांदा फिरवतो." त्याने हात टेबलावर ठेवले. "मी चार वर्षं हेच केलं. आमच्या वेळी दुसऱ्या एका विद्यापीठात असा एक कॉर्नर होता. त्याच्या बाजूला मी एकदाही फेकलं नाही. मला तेव्हा हीच ढाल मिळाली. कुणी मोजलं असतं तर मिळाली नसती."

कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, "खांद्याचं परत लावू?" परत लावलं. खांदा स्पष्ट दिसला.

मतं झाली. कोच आणि प्रतिनिधी क्वार्टरबॅकच्या बाजूने राहिले, आणि त्यांचं म्हणणंही काही वेडं नव्हतं. आम्ही तिघं कॉर्नरच्या. चहा उशिरा मिळाला आणि गार होता.

घरी येऊन मी बूट काढले. पप्पा दारातच होते. समितीतलं बाहेर सांगायचं नाही, म्हणून मी फक्त म्हणाले, "दुसऱ्या सामन्याचे तेवीस बरोबर आहेत. एक खांद्याचा होता."

"होताच," पप्पा म्हणाले. "तेवढ्यासाठी पाच जण बसवले?" पण त्या दिवशी चहा त्यांनी केला.

पुरस्काराचा कार्यक्रम रविवारी दुपारी विद्यापीठाच्या हॉलमध्ये होता. पप्पा सूट घालून, वही काखेत धरून आले. कॉर्नरचं नाव पुकारलं तेव्हा तो इकडेतिकडे बघत उठला, जणू चेंडू चुकून त्याच्या बाजूला आलाय. क्वार्टरबॅक सगळ्यांच्या आधी उभा राहिला आणि बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मग सगळा हॉल उभा राहिला.

जेवणाच्या रांगेत शेतकरीबुवा समोर आले. हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला. "मोजत नाहीयेस ना?"

"आज रविवार," पप्पा म्हणाले. "हात मोकळा आहे."

त्यांनी हात मिळवले, या वेळी बेताने. मग पप्पांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि खिशातून पेन काढलं. "इथे सही लागेल. मोजणी तुमच्यामुळे तुटली."

बुवांनी ते पान वाचलं. शेकहँड म्हणजे तुमचं हँडशेक, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या पोराचा पुरस्कार घालवलास आणि वर सही मागतोस?"

"वेळही लिहा. तिसरा क्वार्टर."

त्यांनी जेवणाचं ताट माझ्या हातात दिलं, वही भिंतीला टेकवली आणि मोठ्या, शेतातल्या रांगेसारख्या सरळ अक्षरात लिहिलं: तिसरा क्वार्टर, टचडाउननंतर, चूक माझी. खाली सही. मग पान परत देताना विचारलं, "आणि माझ्या पोराचं किती मोजलंस? कुठेच दिसत नाही."

"त्याचं सगळं कागदावर आहे," पप्पा म्हणाले. "त्याला माझी बोटं कशाला?"

बुवांनी पप्पांच्या पाठीवर थाप मारली, आणि पप्पा रांगेत एक माणूस पुढे गेले.

बाहेर पडलो तेव्हा वारा सुटला होता. पार्किंगपर्यंत जाताना पप्पांनी मिटन चढवले. उजव्या मिटनचा अंगठा रिकामाच लटपटत होता.

"आज काय मोजताय?" मी विचारलं.

"काही नाही ग," ते म्हणाले. "आत ऊब जास्त असते."